नवरात्राआधी धुतलेला लॅपटॉप

आमच्या धाकट्या नातीच्या फोनमध्ये म्हणे दोनशे छप्पन्न जीबी जागा आहे, आणि ती भरली म्हणून परवा ती रडकुंडीला आली होती. मी म्हटलं, "बाळ, तुझ्या आजीनं चार जीबीत अख्खा दिवाळी अंक टाइप केलाय." तर म्हणाली, "आजी, फेकू नको." फेकत नाही. पण त्या अंकाच्या पायी मी त्या चार जीबीची काय दशा केली होती, ते मात्र तिला सांगितलं नाही. नातवंडांपुढं थोडी अब्रू राखून असावी. इथं लिहायला हरकत नाही, कारण पोरगी मराठी वाचायचा कंटाळा करते.

तेव्हा आम्ही कोल्हापुरात शाहूपुरीत राहत होतो. खाली आमच्या ह्यांचं किराण्याचं घाऊक दुकान, वर दोन खोल्या, मधे मोरी, आणि खाली उतरायला एकच अरुंद जिना. जिन्याच्या दाराशीच सासूबाईंची कॉट. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. नव्वदचं दशक सरता सरता त्यांच्या अंगावरून वारं गेलं, डावी बाजू लुळी पडली, आणि त्या दिवसापासून त्या कॉटवर आणि मी त्या कॉटच्या भोवती. त्याआधी मी कोर्टाजवळ एका वकिलांकडं मराठी टायपिस्ट होते. सकाळी दहाला पर्स अडकवून निघायची, मशीनवर खडखडाट करायची, संध्याकाळी कोपऱ्यावर भेळ खाऊन घरी यायची. आत्याबाई पडल्या तेव्हा मी साहेबांना सांगितलं, "महिनाभर सुट्टी द्या." ती सुट्टी अजून संपलेली नाही.

मला कुणी कोंडून ठेवलं होतं, असं नाही. दार उघडंच असायचं. पण मी जिन्यावर पाय ठेवला रे ठेवला, की मागनं हाक यायची, "कुठं गं?" आणि पाय आपोआप मागं. ह्यांना सांगावं तर म्हणायचे, "अगं, तुला बाहेर काय कमी पडलंय? काय पाहिजे ते खालनं पाठवतो की." आणि खरंच पाठवायचे. साबण, चहापत्ती, शेंगदाणे, सगळं जिना चढून वर यायचं. मी सोडून सगळ्या वस्तूंची ये-जा चालू होती. आणि त्यातून ती बाई, म्हणजे तेव्हाची मी, एवढी अभिमानी, की शेजारणीनं विचारलं तर म्हणायची, "मला नाही बाई आवड हिंडण्याफिरण्याची." खिडकीच्या गजांना धरून स्टँडवरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत म्हणायची!

अशात मुलानं पुण्याहून तो लॅपटॉप आणला. पाटीएवढा. त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी परदेशातून आणलेला, ह्यानं हौसेनं घेतला आणि दोन महिन्यांत कंटाळला, कारण त्यात काही मावेना. मला देताना म्हणाला, "आई, ह्यात फिरणारी चकती नाही, एसएसडी आहे. कॉटवर ठेव, ओट्यावर ठेव, हलवत हलवत काम कर, त्याला धक्का लागत नाही. पण जागा चारच जीबी, आणि ती वाढवता येत नाही. आत बोर्डालाच डकवलीय."

"म्हणजे माझ्यासारखीच की," मी म्हटलं. तो हसला नाही. पोरांना आईचे विनोद उशिरा कळतात.

त्यानं मला बसवून शिकवलं. त्या चार जीबीतली निम्म्याहून जास्त जागा तर विंडोजनंच अडवलेली. तो घरमालक, त्याला हलवायचं नाही. उरलेल्या जागेत टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि प्रेसला चालणारा एक मराठी फाँट, बस्स. बाकी जे काही लिहीन ते पेन ड्राइव्हवर ठेवायचं. मला आधी पटेना. मी फाइल डेस्कटॉपवर ठेवायची आणि म्हणायची, ही तर बाहेर ओट्यावर आहे, घरातली जागा कुठं अडवते? तो म्हणाला, "आई, ओटा घरातच असतो." मग मी नको असलेल्या फाइली कचऱ्याच्या डब्यात टाकायला लागले, तरी जागा काही वाढेना. तेव्हा कळलं, की कचऱ्याचा डबाही घरातच असतो, तो बाहेर नेऊन ओतावा लागतो. एवढी वर्षं संसार केलेल्या बाईला हे सांगावं लागलं! पण एकदा डोक्यात शिरल्यावर मी कामालाच लागले. पत्त्यांचे खेळ काढले. नमुन्याची गाणी, नमुन्याची चित्रं, परदेशी भाषांचे फाँट, सगळं काढलं. दर दुपारी आत्याबाईंचा डोळा लागला की मी आधी मोकळी जागा किती ते बघायची, आणि वीसेक एमबी वाढली असली तर दुपारभर खूश.

माझा आनंद कशावर होता, त्यावरनं समजा मी कुठं राहत होते ते.

त्या वर्षी पावसाळ्यात प्रेसवाले जिना चढून वर आले. कोर्टाजवळच्या दिवसांतली ओळख. त्यांच्याकडं एक दिवाळी अंक छपाईला यायचा, पण नेहमीचा टायपिंगवाला गाव सोडून गेला होता. म्हणाले, "वहिनी, तुमचा हात मला माहीत आहे. घरी बसून करता येईल. अष्टमीच्या आत सगळा मजकूर माझ्या हातात पाहिजे. जमलं तर पुढची कामंही तुमचीच. नाही जमलं तर राजारामपुरीत एक जण तयारच बसलाय, मग मी सारखं सारखं बदलत बसणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो."

ते गेल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "काय म्हणत हुता त्यो?" त्यांचं अर्धं तोंड वाकडं झालं होतं, पण उरलेलं अर्धं पुरेसं धारदार होतं.

"काम देतोय. घरी बसून करायचं."

"पायजे तर घे. माझं करून उरलं तर कर."

मी घेतलं. का घेतलं ते सांगते. पैशाची घरात अडचण नव्हती. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी जिना चढून माझ्यासाठी आलं होतं, चहापत्ती घेऊन नव्हे. हे काम गेलं असतं, तर पुन्हा कुणी आलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग त्या पाटीवर माझी बोटं चालायला लागली. भारनियमनात शहराची वीज गेली, की सगळी गल्ली हातपंखे घेऊन दारात यायची आणि मी आत बॅटरीवर कुणाची तरी कथा टाइप करत असायची. लॅपटॉप कॉटच्या कडेवर, माझे पाय जमिनीवर, एक कान आत्याबाईंकडं. कथांमधल्या बायका महाबळेश्वरला जायच्या, समुद्रकाठी रडायच्या. मी त्यांना स्वल्पविराम लावायची.

पितृपक्ष संपायला आला तसं कामही संपत आलं. तीन लेख आणि दुरुस्त्या तेवढ्या राहिल्या होत्या. आणि इथं माझी बुद्धी फिरली.

कोल्हापुरातल्यांना सांगायला नको, नवरात्राआधी आमच्याकडं घरातलं सगळं धुऊन काढतात. सगळं म्हणजे सगळं. गोधड्या, चादरी, जाजमं, पडदे. बायका गाठोडी बांधून रिक्षात घालतात, पंचगंगेच्या घाटावर जातात, दिवसभर आपटतात, धुतात, दगडांवर वाळत टाकतात, डबे सोडून जेवतात आणि हसून हसून घसा बसवून घरी येतात. घरात एकही न धुतलेलं फडकं ठेवून घट बसवायचे नाहीत. आत्याबाई पडल्यापासून मला घाट नव्हता. मी गच्चीवर नळाखाली एकटीच आपटायची, आणि घाटावर कोण काय बोललं ते शेजारीण दुसऱ्या दिवशी सांगायची.

त्या वर्षी गोधड्या झाल्या, पडदे झाले, फडताळातले डबे उन्हात पडले. आणि माझी नजर लॅपटॉपकडं गेली. घरातली एवढी एकच वस्तू धुवायची राहिली होती. ती माझी स्वतःची होती, आणि तिच्यात लक्ष्मीच आली होती म्हणायची. धुवायचा म्हणजे पाणी नव्हे हो, एवढी वेडी नव्हते. पण धुण्याची आमची रीत काय? घर आधी रिकामं करायचं. माळ्यावर, कोपऱ्यात, कॉटखाली जे जे लपलंय ते बाहेर काढायचं, झाडायचं आणि लागेल तेवढंच परत ठेवायचं. मुलानं एकदा बोलता बोलता सांगितलं होतं, की त्यात काही लपलेल्या फाइली असतात. लपलेल्या! नवरात्राच्या तोंडावर माझ्या घरात लपलेलं!

मी लपलेलं दाखवायची खूण शोधून काढली. लॅपटॉपनं इशारा दिला, असं करू नका. मी 'होय' दाबलं. सी ड्राइव्हच्या अगदी दारातच चार-पाच फाइली अंधुक, पिवळट दिसायला लागल्या. त्यांची नावं धड वाचता येईनात, आणि काय कामाच्या तेही कळेना. कॉटखाली सापडणाऱ्या जुन्या सांडशीसारख्या. मी त्या उचलल्या आणि पेन ड्राइव्हवर टाकल्या. लॅपटॉपनं दर वेळी विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. सासूनं, नवऱ्यानं, मुलानं, सगळ्यांनी आयुष्यभर विचारलं होतं, नक्की का? आणि मी मागं फिरले होते. त्या दिवशी नाही फिरले. बरोब्बर नको तिथं बाणा दाखवला.

मग समाधानानं लॅपटॉप बंद केला, स्वच्छ फडक्यानं पुसला, हळदीकुंकू लावलं. चहा प्यायले. परत चालू केला तर काळा पडदा, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरात इंग्रजीत एकच ओळ, अमुक तमुक सापडत नाही. बटण दाबलं, तीच ओळ. दहा वेळा दाबलं, तीच.

"काय झालं गं?" आत्याबाई म्हणाल्या. "तोंड का पडलं?"

"बिघडलं."

"हळद लावलीस, तवाच म्हटलं."

मी मुलाला फोन लावला. घरचा तो जुना फोन, भिंतीला टांगलेला. त्यानं पडद्यावरची ओळ वाचायला सांगितली.

"आई, तू त्या लपलेल्या फाइली हलवल्यास?"

"धुवायला काढल्या होत्या."

"धुवायला?"

"नवरात्र आलं की, बाबा!"

तो हसायला लागला. हसता हसता मागच्या कुणाला तरी सांगितलं, मग तेही हसले. मी इकडं रिसीव्हर धरून रडत होते हे त्याला उशिरा समजलं. मग शहाण्यासारखं बोलायला लागला. "अगं, काही गेलं नाही. तुझ्या कथा पेन ड्राइव्हवर आहेत, आणि त्या फाइलीही तिथंच आहेत. त्या परत जागेवर ठेवल्या की झालं. पण लॅपटॉप स्वतः उठत नाही, तर त्याला उठवायला वेगळा पेन ड्राइव्ह लागेल. मी तयार करून उद्याच्या सकाळच्या गाडीला कंडक्टरच्या हाती देतो. दुपारी स्टँडवरनं घे."

"स्टँडवरनं कोण घेणार?"

"बाबा."

बाबा काजू आणायला आजऱ्याला गेले होते, परवा येणार. दुसऱ्या दिवशी सोमवार, दुकान बंद, खाली माणूस नाही. आणि शेजारच्या झाडून सगळ्या बायका गाठोडी घेऊन घाटावर जाणार होत्या. ह्यांची वाट बघायची तर कंडक्टर पेन ड्राइव्ह परत पुण्याला नेणार, आणि अष्टमीला माझ्याकडं तीन लेख कमी.

स्टँड आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. हॉर्न ऐकू येतात म्हटलं ना. आणि मला वाटत होतं, की कुणी मला दुबईला जायला सांगतंय.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी कॉटपाशी उभी राहिले. चादरीची कड उगाच दोनदा नीट केली. शेवटी आत्याबाईच म्हणाल्या, "जा की. मी काय पळून जाणार हाय व्हय?"

मी त्यांना पाणी पाजलं. लघवीचं भांडं देऊ का विचारलं, तर नको म्हणाल्या. उशाशी पितळी तांब्या आणि चमचा ठेवला, वाजवायला. पण ऐकणार कोण, गल्ली सगळी घाटावर. जिना उतरताना मी हाकेची वाट बघत होते. हाक आली नाही. त्यानं तर पाय जास्तच जड झाले.

स्टँडवर मी केवढ्या आधी पोचले! गाडीची वेळ व्हायला अजून बराच अवकाश. पर्स काखेत, पदर खांद्यावरून घेतलेला, जणू मुलाखतीला आलेय. एक म्हातारा म्हणाला, "कुठं जायचं, पावणं?" मी म्हटलं, "कुठं नाही." तो सरकून बसला, त्याला वाटलं असेल, डोकं फिरलेली दिसते.

फलाटाला गगनबावड्याची गाडी लागली होती. रिकामी. दार उघडं. मी आत चढले. का चढले, विचारू नका, मी स्वतःला अजून विचारते. खिडकीजवळ बसले. सीट फाटलेली, काच वर सरकवलेली, आणि समोर कुठलेच गज नाहीत. बावड्याला म्हणे पाऊस थांबतच नाही, ढग घरात येतात. मी डोळे मिटून बसले. गाडी भरत गेली. शेजारी एक बाई कोंबडी घेऊन बसली. घंटी वाजली, इंजिन थरथरलं, आणि कंडक्टर समोर, "मावशी, कुठलं?"

"मी... बसून बघत होते."

"बसून बघत हुता? व्हय मावशी, सिनेमा हाय का ह्यो?"

सगळी गाडी हसली. कोंबडीवाली बाईही. मी उतरले, साडी दारात अडकली, सोडवली. गाडी निघून गेली. मी फलाटावर. लाज वाटायला हवी होती. ती वाटलीच. पण त्याहून जास्त, मी उतरले म्हणून वाटली.

पुण्याची गाडी आली. कंडक्टरनं कागदात गुंडाळलेली पुडी माझ्या हातावर ठेवली. मी पळतच घरी आले.

दारातच वास आला. आत्याबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. चादर ओली, गोधडी ओली, कालच गच्चीवर वाळवलेली. तांब्या उशाशी होता तिथंच, त्यांनी वाजवला नव्हता. मी पर्स खुंटीला अडकवली. पाणी तापवलं, त्यांना पुसलं, कोरडं नेसवलं. त्यांचं उजवं कोपर माझ्या खांद्यावर. तेव्हा कानाशी म्हणाल्या, "गाडी आली?"

"आली."

"येळ लागला."

"हो."

"बसलीस काय कुठल्या गाडीत?"

माझ्या हातातलं फडकं थांबलं.

"मी बी बसलते," आत्याबाई म्हणाल्या. "तुझा नवरा पोटात हुता. पन्हाळ्याची गाडी हुती. तुझ्या सासऱ्यानं हाताला धरून उतरवलं आणि वाटंत भजी चारली." मग म्हणाल्या, "भजी गरम हुती. आता सोड मला, आणि तुझं ते मशीन उठीव. अष्टमी काय थांबणार हाय व्हय?"

मी फोनचा रिसीव्हर मानेत धरून मुलगा सांगेल तसं करत गेले. नवा पेन ड्राइव्ह खोचला, कुठली कळ दाबून ठेवायची ती दाबली, अनोळखी रंगाचा पडदा आला. धुतलेल्या फाइली एकेक करून दारात परत ठेवल्या. बंद केला, चालू केला. वाजणार की नाही, वाजणार की नाही, आणि ती विंडोजची सनई वाजली. "उठलं?" आत्याबाईंनी विचारलं. "उठलं," मी म्हटलं.

राहिलेले लेख मी बाहेरच्या खोलीतच बसून संपवले, त्यांच्या नजरेसमोर. सप्तमीला पेन ड्राइव्ह घेऊन प्रेसमध्ये गेले ते आमचे हे. मी म्हटलं नाही, की मी जाते. म्हणायला हवं होतं का? कोण जाणे. त्या आठवड्यात मला कॉटपासून दूर जायचा धीर नव्हता.

दसऱ्यानंतर प्रेसवाल्यांनी पुढचं काम पाठवलं. साहित्य नव्हे, एका वधूवर मेळाव्याची सूची. उंची, शिक्षण, शेती, अपेक्षा. पडताळून बघायला मी मोठ्यानं वाचायची आणि आत्याबाई ऐकायच्या.

"बारा एकर, बागायत, एकुलता एक, मुलगी घरकामात हुशार हवी."

"घरात आई हाय का त्याची?"

"आहे."

"कशी हाय?"

"हे लिहिलेलं नाही."

"मग नापास."

पुढं कैक वर्षं, आत्याबाई होत्या तोवर, आम्ही दोघी त्या बाहेरच्या खोलीत बसून अशी जिल्ह्यातली निम्मी लग्नं नापास केली.